शुद्धिपत्र

पंचविसाव्या वर्षाच्या अंकासाठी
'आतूपा'चा इतिहास लिही म्हणाले.
मी मुद्रितशोधक. मला इतिहास असाच येतो:

अंक पहिला, पान तीन, ओळ सातवी.
'प्रसूतिगृहाचा जनरेटर गहाळ' याऐवजी
'जनरेटर सापडला' असे वाचावे.
तोन्ये मासळीचा व्यापारी बनून
ब्रिगेडियरच्या मेहुण्याच्या शीतगृहात शिरला,
यंत्राचा क्रमांक तळहातावर लिहून आणला.
घामाने शेवटचा आकडा फिसकटलेला.
तिकडे बांगडे कडक गोठत होते
आणि वॉर्डात बाया बाळंत होत होत्या
दातांत टॉर्च धरलेल्या सुईणीच्या हाती.
सहा की आठ, यावर आम्ही रात्रभर भांडलो.
तोन्ये पुन्हा गेला.
सहा.

अंक एकोणिसावा.
'मुद्रणस्थळ: शोमोलू' हे खोटे होते.
शोमोलूच्या छापखान्यात तोवर शिपाई झोपत होते
आमच्याच कागदाची उशी करून.
आम्ही मुशिनमध्ये, शवपेट्या करणाऱ्या सुताराच्या मागच्या खोलीत,
रंध्याच्या आवाजाखाली यंत्र चालवायचो.
'किंमत: वीस नायरा' हेही चूक.
पावासकट तीस.
रिसिकात पाववाली लांबडा आगेगे पाव पोटात चिरून
आत अंकाची सुरळी सारायची आणि गाड्यांच्या गर्दीत ओरडायची,
'गरम आहे, गरम आहे, घरी जाऊन खा!'

अंक तेविसावा, संपादकीय: 'आम्ही घाबरलो नाही.'
शेवटचा शब्द गाळून वाचावे.
तोन्येला नेले त्या रात्री
संपादक माझ्या स्वयंपाकघरात, गॅरीच्या पोत्याआड,
गुडघे छातीशी घेऊन बसले होते. मी दिवा मालवला.
आतूपा म्हणजे कंदील,
हे त्या अंधारात कुणालाच आठवले नाही.
तोन्ये चौदा महिन्यांनी परतला,
जिन्याच्या पायऱ्या मोजत वर आला.
अजून मोजतो.

अंक सत्तेचाळीस.
इथे जरा थांबते.

'ओ. एतुकुडो यांनी सही केली' असे आम्ही छापले. फोटोसह.
सही ओबोट एतुकुडोंची, खात्याचे सचिव.
फोटो ओकोन एतुकुडोंचा,
त्याच इमारतीत तळमजल्यावर
टपालावर शिक्के मारणारे.
एका आद्याक्षरापुढचे टिंब मी तपासले होते.
टिंब बरोबर होते.

पुढच्या अंकात खुलासा दिला. पान अडतीस,
तळाशी, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली.
तोवर दारावर दगड पडून गेले होते,
नोकरी गेली होती, मुलीचे ठरलेले मोडले होते.

मी कालाबारला गेले, रात्रभराची बस.
काय बोलायचे ते घोकत गेले.
मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी खिशातून
प्लास्टिकमध्ये जपलेला तो खुलासा काढला, माझ्यापुढे धरला.
मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते.
ते सगळ्यांनाच दाखवायचे. पाद्र्याला, टायरवाल्याला,
रस्ता विचारायला थांबलेल्यालासुद्धा.
'वाचा. मी नाही म्हणून लिहिलंय इथे.'
अक्षर इतके बारीक की मला चष्मा काढावा लागला पर्समधून.
वाचले.
त्यातही नावातले एक अक्षर गळले होते.
मी सांगितले नाही.

लष्कर गेले. पुरस्कार आले,
काचेच्या कपाटात उभे आहेत, महिन्यातून एकदा पुसतात.
संपादक म्हणतात, दोन पाने पुरेत, इबिफुरो.
जनरेटर घे, पाव घे, लोकांना पाव आवडतो.
ते सत्तेचाळीसचे नको, सणासुदीला.

बरे.

पण छपाईला जाण्याआधी शेवटची पाने
माझ्याच टेबलावर येतात,
सगळ्यांच्या सह्या होऊन गेल्यावर,
पंचवीस वर्षे तशीच येतात.
मुखपृष्ठावर नुसता कंदील आहे, वर कोरी जागा पुष्कळ.
कंदील थोडा खाली सरकेल.